गाडीच्या रंगाला खोल आणि टिकणारी चमक: आपल्या बेळगाव भागातल्या धुळीत, पावसात, उसाच्या हंगामात काय काय करायचं

दसरा जवळ आला की आपल्याकडं सगळ्यांनाच गाडी चमकवायची घाई होते, वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात, तिथं कोणीतरी पांढरं क्रीम फासून मशीन फिरवून देतो, दोन दिवस गाडी एकदम झकास दिसते आणि दिवाळी यायच्या आत परत होती तशीच. असं का होतं ते एकदा नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं काम सोपं आहे. त्या क्रीममध्ये बऱ्याचदा तेल आणि भरणा असतो, तो बारीक चऱ्यांमध्ये बसतो, चरे झाकले जातात, आणि दोन-चार धुण्यात तो भरणा निघून गेला की चरे परत वर. म्हणजे चमक आलीच नव्हती, झाकपाक झाली होती.

खरी चमक येते ती रंगाच्या वरच्या पारदर्शक थरातून. गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा ई-कोट असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीचे हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे तुमची सगळी चमक केसाच्या जाडीपेक्षाही पातळ थरावर उभी आहे हे कायम डोक्यात ठेवा. वारं पडलेलं असताना किल्ला तलावात झाडं कशी स्पष्ट दिसतात आणि जरा वारं सुटलं की सगळं फिसकटतं, क्लिअर कोटचं पण तसंच आहे, वर सपाट असला तर उजेड सरळ परत येतो आणि रंग खोल दिसतो, चरे असले तर उजेड विखुरतो आणि रंग पांढरट, थकलेला दिसतो. काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्यांवर हे लगेच दिसतं, पांढऱ्या आणि चांदी रंगावर उशिरा दिसतं पण होतं तेवढंच.

तर काम तीन आहेत. वर बसलेली घाण पूर्ण काढणे, चरे कमी करून थर सपाट करणे, आणि मग त्याच्यावर संरक्षण. ह्यात पहिलं काम सगळ्यात मोठं आहे आणि लोक नेमकं तेच घाईत उरकतात.

आपल्या भागात गाडीवर काय बसतं

युट्यूबवरचे व्हिडिओ बघून सगळं कळतं पण तिथली घाण वेगळी आणि आपली वेगळी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तांबडी माती, मुरूम. त्याचे कण खरखरीत असतात, कोरड्या फडक्यानं पुसलं की सरळ चरे. गोकाक, अथणी, सौंदत्तीकडं काळी माती, ती पावसात चिकटून बसते आणि वाळली की घट्ट, नखानं काढायला गेलात तर खालचा रंगही खरवडतो. उद्यमबाग, मच्छेकडं कामाला जाणाऱ्यांच्या गाड्या फाउंड्रीच्या आसपास दिवसभर उभ्या असतात, तिथल्या हवेतले लोखंडाचे बारीक कण क्लिअर कोटवर बसून तिथंच गंजतात, पांढऱ्या गाडीवर जवळून बघा, तपकिरी ठिपके दिसतील, सुईच्या टोकाएवढे. ब्रेक पॅडची भुकटी पण त्यातलीच, चाकाच्या मागच्या बाजूला जास्त.

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरकडच्यांचा प्रश्न आणखी वेगळा. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्यातली राख, शेतात पाचट पेटवल्याची काजळी, ती रात्री गाडीवर पडते आणि सकाळी दवानं ओली होते, ओली राख अल्कधर्मी असते, तशीच वाळू दिली की डाग पडतात. आणि उसाच्या ट्रॉलीला घासून जाणं तर टाळाच, उसाच्या पानांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि त्यात सिलिका असते, अरुंद रस्त्यावर ट्रॉलीला चिकटून ओव्हरटेक केलात की दरवाजाभर बारीक रेघा. दोन मिनिटं थांबा, पुढं रस्ता रुंद झाला की काढा गाडी.

आणि बोअरचं पाणी. बऱ्याच ठिकाणी ते जड आहे, कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर, उन्हात थेंब वाळला की पांढरा गोल डाग राहतो आणि फार दिवस राहिला तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतो. शक्य असेल तर शेवटचं धुणं नळाच्या पाण्यानं नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं करा.

कधी आणि कुठं करायचं

पूर्ण काम, म्हणजे धुण्यापासून वरच्या संरक्षणाच्या थरापर्यंत (कोटिंग), पाऊस पूर्ण थांबल्यावर करा. आपल्याकडं ऑक्टोबर शेवट ते फेब्रुवारी चांगला, हवा कोरडी आणि ऊन बेताचं. जून ते सप्टेंबर नको, दमट हवेत कोटिंग नीट बसत नाही आणि खानापूरकडं तर चार तास सलग कोरडे मिळतील याचा भरवसा नसतो. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर पहाटे. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, हा नियम सगळ्या पायऱ्यांना लागू आहे. सावली पाहिजे, पण झाडाखाली नको, कॅम्पातल्या मोठ्या झाडांखाली चिकट रस आणि पक्षी दोन्ही असतात. शेड, पोर्च, नाहीतर बिल्डिंगचं पार्किंग बरं. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर आधी पाणी मारून घ्या. एका माणसाला दोन दिवस धरा, पहिल्या दिवशी धुणं आणि सफाई, दुसऱ्या दिवशी पॉलिश आणि कोटिंग.

धुणं

डिटर्जंट पावडर, भांड्याचा साबण नको. त्यानं आधीचं वॅक्स निघून जातं आणि रबर, काळं प्लास्टिक कोरडं पडतं. गाडीचा शॅम्पू घ्या, बाटलीवर पीएच न्यूट्रल लिहिलेलं बघून. डिझेल मारून पुसायची जी पद्धत काही ठिकाणी आहे ती पूर्ण बंद करा, ती चमक तेलाची असते, त्यावर धूळ दुप्पट चिकटते आणि रबराची वाट लागते.

चाकं आणि चाकाच्या कमानी आधी धुवून घ्या, त्याची बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं. मग गाडीवर नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. प्रेशर वॉशर असेल तर नोझल दीड फूट लांब धरा, दगड लागून रंग उडालेली जागा असेल तिथं जवळून मारलं तर उडालेल्या कडेखाली पाणी शिरून आणखी पापुद्रा निघतो. काळी माती वाळलेली असेल तर पाणी मारून दहा मिनिटं थांबा, परत मारा, ती भिजून स्वतः सुटली पाहिजे. फोम गन असेल तर फोम मारून पाच मिनिटं ठेवा, वाळायच्या आत धुवा. हात लावायच्या आधी जेवढी माती जाईल तेवढे चरे वाचले.

आता दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, एकीत साधं, दोन्ही १५ ते २० लिटरच्या असल्या तर बरं. साध्या पाण्याच्या बादलीत तळाला जाळी टाकायला मिळते, ग्रिट गार्ड म्हणतात, ती घेतली तर माती तळाशी बसते आणि परत वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवा, एक पॅनल धुवा, साध्या पाण्यात खळखळून पिळा, मग परत शॅम्पूत. टप, काचा, बॉनेट, डिक्की, मग दरवाजांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी खालची पट्टी आणि बंपर, कारण खालीच सगळ्यात जास्त खडी-माती असते. दाबायचं नाही, मोज्याच्या वजनानं सरकवायचं, आणि गोल गोल फिरवायचं नाही, सरळ रेघेत. स्पंज वापरू नका, कण त्याच्या सपाट तोंडावर अडकतो आणि गाडीभर फिरतो, मोज्याच्या केसांत कण आत तरी जातो.

पुसायला मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल, ५०० जीएसएमच्या वरचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, आकडा जास्त तेवढं कापड जाड). पॅनलवर पसरवा, थापटा, हळू ओढा. जुना बनियन, कॉटनची साडी, पंचा ह्यातलं काही नको, शिवणी आणि कडक धागे चरे पाडतात. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता बाजूला.

हात लावून कळणारी घाण

गाडी धुवून स्वच्छ दिसते पण झालेली नसते. एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला, किराणावाला साखर बांधून देतो तसली पातळ, आणि बॉनेटवर बोटं अगदी हलकी फिरवा. नुसत्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून लगेच कळतं, बारीक वाळू सांडल्यासारखं खरखरीत लागतं, टपावर आणि डिक्कीवर जास्त. ही रंगात रुतलेली घाण आहे, ती काढल्याशिवाय पॉलिश केलं तर पॅडखाली तेच कण घासले जाणार.

आधी डांबर. नवीन रस्त्यावरनं गेलात की दरवाजाच्या खालच्या भागात काळे ठिपके येतात, त्यावर टार रिमूव्हर फडक्यानं लावून मिनिटभर ठेवा, विरघळलं की पुसा, घासायचं नाही. मग ती जागा शॅम्पूनं धुवा.

मग आयर्न रिमूव्हर. स्प्रे आहे, वास फार वाईट, हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत करा. गार, सावलीतल्या पॅनलवर मारलं की जिथं जिथं लोखंडाचे कण आहेत तिथं जांभळा रंग सुटायला लागतो, आधी एखादा ठिपका, मग त्याची धार खाली ओघळते, आणि फाउंड्रीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीचा मागचा दरवाजा बघता बघता जांभळ्या धारांनी भरून जातो. ३ ते ५ मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्यानं धुवा. निपाणी-अथणीकडं कदाचित फार जांभळं येणार नाही, तिथं चाकाच्या मागं आणि डिक्कीवर मारलं तरी पुरे.

त्यानंतर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. बारीक ग्रेडचा घ्या, हातात मळून चपटी वडी करा, पॅनलवर शॅम्पूचं पाणी नाहीतर क्ले ल्युब्रिकंट भरपूर मारा आणि वडी हलक्या हातानं सरळ रेघेत पुढं मागं सरकवा. सुरुवातीला अडकल्यासारखं होतं, आवाजही येतो, मग एका क्षणाला एकदम गुळगुळीत सरकायला लागते, तिथं थांबा, पुढचा भाग घ्या. वडी दर थोड्या वेळानं दुमडून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडली तर टाकून द्या, धुवून घेऊ असं म्हणू नका, त्यात रुतलेला एक खडा बॉनेट खराब करायला बास आहे. क्लेनं स्वतःचे हलके चरे पडतात, पॉलिश करणार असाल तर चिंता नाही.

पाण्याचे पांढरे डाग राहिले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, फडक्यावर घेऊन डागावर मिनिटभर ठेवा, पुसा, लगेच पाण्यानं धुवा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये मिळतं, तेच चालतं. ह्यानंही गेले नाहीत तर डाग आत गेलाय, तो पॉलिशनंच कमी होईल.

आता बघायचं, मशीन अजून हातात घ्यायचं नाही

गाडी पूर्ण वाळवा आणि मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं तिरका धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल बारीक चरे दिसतील, ते धुण्या-पुसण्यातले, पॉलिशनं जातात. एखादा लांब चरा दिसला तर त्यावरून नख आडवं फिरवा, नख अडकलं तर तो खोल आहे, पॉलिशनं पूर्ण जाणार नाही, त्याच्या कडा मऊ होऊन कमी उठून दिसेल एवढंच करायचं. खोल चरा घालवायच्या हट्टात क्लिअर कोट संपतो आणि मग उन्हानं तो भाग पांढरा पडून पापुद्रे सुटतात, तिथं परत पेंट करण्यावाचून इलाज नाही.

गाडीचा कुठला भाग आधी रंगवलाय का हेही माहीत पाहिजे. सेकंडहँड गाडी असेल तर दरवाजाच्या रबराखाली, बोल्टवर रंग उडालाय का बघा. गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाच्या जाडीचा नेम नसतो, जपून. नुकताच रंगवला असेल तर महिनाभर तरी वॅक्स, कोटिंग काही नको, आतला थिनर बाहेर पडायला पाहिजे, आणि पेंटर जास्त दिवस म्हणाला तर त्याचं ऐका. जुनी मारुती ८०० किंवा तसली गाडी असेल तर क्लिअर कोट नसण्याची शक्यता आहे, पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागला तर समजायचं, मग अगदी हलकं पॉलिश आणि लगेच वॅक्स.

काळं प्लास्टिक, रबर, लोगो, हेडलाईटच्या कडा, पॅनलच्या धारदार रेघा ह्यांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथंच सगळ्यात जास्त दाबलं जातं.

पॉलिश

आपल्याकडं गॅरेजमध्ये ज्याला रबिंग म्हणतात ते बऱ्याचदा रोटरी मशीननं करतात, ते एकाच अक्षावर फिरतं, काम पटकन होतं पण उष्णता फार, नवख्या हातात धारेवरचा रंग जळतो आणि उन्हात बघितलं की रंगावर ढगाळ वळणं दिसतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. घरी करणाऱ्यानं डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन, मशीनच घ्यावं. त्याचं पॅड फिरतं आणि डुलतंही, त्यामुळं एका जागी उष्णता साठत नाही, जोर जास्त पडला तर पॅड फिरायचं थांबतं. ५ इंची प्लेट पुरे. मशीन महाग वाटलं तर दोघा-तिघा मित्रांत मिळून घ्या, कधीतरीच लागतं. हातानं घासून पण थोडा फरक पडतो, हलकी चमक येते, पण गोल चरे हातानं जात नाहीत.

पॅड तीन-चार घ्या, एकाच पॅडवर पूर्ण गाडी होत नाही, ते भिजून भरून जातं आणि काप बंद होतो. फोमचं मध्यम पॅड आणि मऊ फिनिशिंग पॅड. पॉलिश दोन, एक मध्यम, एक बारीक. जाड कंपाऊंडनं, म्हणजे जास्त खरवडणाऱ्या पॉलिशनं, सुरुवात करू नका. हीच ह्या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आधी सगळ्यात हलकं करून बघायचं. बॉनेटवर दीड-दोन फुटाचा चौकोन टेपनं आखा, मऊ पॅड आणि बारीक पॉलिशनं करा, पुसून टॉर्च लावून बघा. चरे गेले तर पूर्ण गाडी त्यावरच. नाही गेले तर मध्यम पॅड, मग मध्यम पॉलिश, असं एक एक पायरी वर. कुठल्या जोडीनं काम होतंय ते त्या चौकोनातच कळतं, आणि प्रत्येक गाडीचं वेगळं निघतं, काही कंपन्यांचा क्लिअर कोट मऊ असतो, काहींचा कडक.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घ्या. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून पॉलिश पसरवा, मग १ नंबरवर चालू करून चौकोनभर लावा, मग ४ किंवा ५ वर. मशीन आडवं न्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढली पाहिजे, मग त्याच चौकोनावर उभं. असं चार ते सहा वेळा. हात हळू, सेकंदाला साधारण एक इंच, लोक इथं घाई करतात आणि मग चरे जात नाहीत म्हणून जोर लावतात. जोर मशीनच्या वजनापेक्षा जरासाच जास्त. पॅडच्या मागं मार्करनं एक रेघ ओढून ठेवा, रेघ फिरताना दिसतेय म्हणजे पॅड फिरतंय, दिसायची थांबली म्हणजे जोर जास्त झाला किंवा पॅड तिरकं झालं. अधूनमधून हात लावून बघा, पत्रा कोमट चालेल, गरम नको. प्लास्टिकच्या बंपरवर आणखी हलकं, प्लास्टिक उष्णता सोडत नाही.

चौकोन झाला की ३०० ते ४०० जीएसएमच्या स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा, पॅडला कडक ब्रश मारून जमलेली भुकटी काढा, पुढचा चौकोन. तुमच्या लक्षात येईल की झालेल्या आणि न झालेल्या भागाच्या मधोमध टेप काढली तर एका बाजूला ट्यूबलाईटची कड कापल्यासारखी सरळ दिसते आणि दुसऱ्या बाजूला तिच्याभोवती धुकं. तेवढं दिसलं की बाकीची गाडी करायला हुरूप येतो. मध्यम पॉलिश वापरलं असेल तर शेवटी मऊ पॅडनं बारीक पॉलिशचा एक हात पूर्ण गाडीवर फिरवा, रंगाला खोलपणा तिथून येतो, गडद रंगावर तर हा हात चुकवूच नका.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर मिसळून, अल्कोहोल निम्म्यापेक्षा कमीच ठेवा, स्प्रे मारून पुसून घ्या. पॉलिशचं तेल निघून जातं आणि खरे चरे किती राहिले ते कळतं. ह्या पुसण्यानंतर जे दिसतं तेच खरं. तेल राहिलं तर वरचं कोटिंग पण धरत नाही.

संरक्षण कुठलं

तीन पर्याय. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरनं मिळतं, गडद रंगावर ऊबदार, ओलसर चमक देतं, पण आपल्या उन्हा-पावसात दीड-दोन महिन्यांच्या पुढं धरू नका. सिंथेटिक सीलंट चार ते सहा महिने टिकतं, चमक जरा कोरडी, काचेसारखी. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेलं असतं, नीट लावलं आणि नीट धुतलं तर काही वर्षं.

माझं मत विचाराल तर घरी करणाऱ्यानं पहिल्या वर्षी सीलंट लावावं. चुकलं तर पॉलिशच्या एका हातानं निघतं. सिरॅमिक चुकीचं वाळलं तर डागासारखे जाड पट्टे राहतात आणि ते घासून काढावे लागतात. शिवाय चऱ्यांवर सिरॅमिक लावलं की चरे तसेच आत राहतात, काही दुकानांत धुवून लगेच कोटिंग करून देतात, तसं घेऊ नका, आधी पॉलिश किती करणार ते विचारा. नाईन एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलच्या कडकपणाच्या मापाचं आहे, त्यानं दगड, चाव्या, उसाची पानं काही अडत नाहीत. हायवेवर रोज निपाणी-कोल्हापूर करणाऱ्यांना बॉनेट-बंपरवर दगड लागतात, त्यासाठी पीपीएफ नावाची जाड पारदर्शक फिल्म असते, ती महाग आहे पण दगडाला तीच उपयोगी.

वॅक्स असो की सीलंट, थर इतका पातळ लावा की लावलंय की नाही असं वाटलं पाहिजे. जाड थरानं चमक वाढत नाही, पुसायला त्रास होतो एवढंच. बोट फिरवून बघा, पुसट न होता स्वच्छ निघालं की मऊ फडक्यानं पुसा. सीलंट लावल्यावर रात्रभर तरी पाणी, दव लागू देऊ नका. सिरॅमिकला २४ तास पाणी नको आणि आठवडाभर शॅम्पू नको.

नंतर टिकवायचं कसं

इथून पुढं सगळं सवयीवर आहे. सकाळी उठून कोरडं फडकं मारायची सवय सगळ्यात वाईट, रोज तेवढेच चरे. त्या मोठ्या झुपकेदार डस्टरनं पण नको, तांबड्या धुळीवर तर अजिबात नको. धूळ राहू दे, आठवड्याला किंवा पंधरवड्याला नीट धुवा. ड्रायव्हरला, सोसायटीतल्या धुणाऱ्या मुलाला दोन टॉवेल घेऊन द्या आणि प्रेमानं समजावून सांगा, एकदा फरक कळला की तो स्वतः जपतो. वॉशिंग सेंटरला जावंच लागलं तर फक्त पाणी आणि फोम मारून द्या म्हणा, स्पंज लावू नका, पुसायचं आम्ही पुसतो.

पक्ष्याची विष्ठा आम्ल असते आणि उन्हात तापलेल्या क्लिअर कोटमध्ये ती काही तासांत खूण पाडते. ओला टिश्यू किंवा ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवा आणि मग उचला, घासू नका. गाडीत पाण्याची स्प्रे बाटली आणि एक मायक्रोफायबर कायम ठेवा. कव्हर घालायचं तर स्वच्छ गाडीवरच, धुळीवर कव्हर घातलं आणि वाऱ्यानं हललं की ते पॉलिश पेपरचं काम करतं, आपल्याकडं पावसाळ्यात वारं किती असतं ते सांगायला नको. ओल्या कव्हरखाली गाडी आठवडाभर ठेवू नका.

आता खंडेनवमी आणि अमावास्येची पूजा. पूजा झालीच पाहिजे, पण जरा रंगाचा विचार करून. झेंडूचा हार बॉनेटवर बांधताना त्याला तार असते, तारेचं टोक बाहेर राहतं आणि गाडी चालू झाली की वाऱ्यानं तेच टोक एका जागी खरडत राहतं, संध्याकाळी हार काढला की खाली अर्धवर्तुळ उमटलेलं. हार दोऱ्याचा घ्या नाहीतर ग्रिलला खाली बांधा. हळद-कुंकू काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावा, गंध काचेवर चालतो. पांढऱ्या रंगावर हळद राहिली तर साबणाची पावडर लावू नका, हळदीला चुना लागला की लाल होते तसंच अल्कधर्मी साबणानं डाग लालसर होतो, आधी गाडीचा शॅम्पू, मग आयसोप्रोपिलचं तेच मिश्रण, आणि जे थोडं पिवळं उरेल ते उन्हानं आपोआप फिकट होतं. नारळ गाडीपासून चार पावलं लांब फोडा, पाणी उडालं तर लगेच ओल्या फडक्यानं टिपा, वाळलं की चिकट होऊन धूळ धरतं.

धुतल्यावर पाण्याचे गोल टपोरे थेंब उभे राहून घसरतायत तोपर्यंत संरक्षण जागेवर आहे. पाणी पसरून चादरीसारखं थांबायला लागलं तर आधी आयर्न रिमूव्हर आणि शॅम्पूनं एकदा नीट धुवून बघा, कधी कधी थर असतो पण वर काजळी बसलेली असते. तरीही थेंब झाले नाहीत तर सीलंटचा नवीन हात द्या, मेच्या शेवटी पाऊस लागायच्या आधी एक आणि पाऊस संपल्यावर दिवाळीच्या तोंडावर एक, असं वर्षाला दोनदा. मशीनचं पॉलिश मात्र दर वर्षी करायचं नाही, टॉर्च लावून चरे दिसले तरच, आणि तेव्हाही परत त्या दीड-दोन फुटाच्या चौकोनापासून, मऊ पॅड आणि बारीक पॉलिशनं. काम झालं की पॅड आणि फडकी कोमट पाण्यात शॅम्पू घालून हातानं धुवा, फॅब्रिक कंडिशनर नको, सावलीत वाळवा, आणि झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा म्हणजे पुढच्या वेळेला धुळीचा कण आत नसेल.